मराठा जवानाचं १९४४ चं किट कोल्हापुरात करून घेतलं, त्याचा अनुभव

नाईक यशवंत घाडगे, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात सेक्शनमधले सगळे पडले तरी एकटेच मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) नळीकडनं धरून तिच्यानंच लढले आणि तिथंच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. शाळेतल्या पोरांना हे दाखवायचं तर जवान त्याच बटालियनचा दिसला पाहिजे, ड्रेपरीवाल्याकडची कुठलीपण खाकी मला चालणार नव्हती.

मुख्य काम १९३७ पॅटर्न वेबिंगचं, म्हणजे कमरपट्टा, खांद्याचे पट्टे आणि पुढचे दोन पाउच, ज्यात ब्रेनगनची, म्हणजे सेक्शनच्या हलक्या मशीनगनची, मॅगझिनं बसायची. ऑनलाइन मागवलं तर एका विक्रेत्यानं चक्क नायलॉन पाठवलं, वर परत घ्यायलापण तयार नाही. मग सरळ खाटेची जाड सुती नवार घेतली, आधी उकळून आटवली, मग रंगवली आणि ताडपत्री शिवणाऱ्याच्या मशीनवर शिवून घेतली. पट्टा सव्वादोन इंचीच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

बकलांसाठी उद्यमनगरात गेलो. ओतकामवाले काका जुनं बकल हातात फिरवत म्हणाले, "ह्याच्यावरनंच साचा काढला तर नग बारका येतोय बघा, पितळ गार होताना आटतंय. साच्याचा नमुनाच थोडा वाढवून करूया." तसंच केलं, आणि नवार बकलातनं अशी घट्ट सरकली की लई समाधान वाटलं.

बुटांना वेळ गेला. चप्पल लाइनमधल्या मामांचं काम चामड्याच्या वादीनं शिवायचं, अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतोय. आणि आम्हाला तर तळव्याला खिळे, टाचेला लोखंडी नाल, चवड्याला पत्री पाहिजे. मामांनी फोटो बारकाईनं बघितले, तळव्याला चामड्याचा आणखी एक थर चढवला म्हणजे खिळ्याचं टोक पायाला लागणार नाही, आणि मगच खिळे ठोकले. फरशीवर चालताना तो आवाज आला आणि मामाच आधी हसले.

रायफल सुताराकडनं लाकडाची, .३०३ च्या मापाची. ती उघड्यावर न्यायची नाही, गुंडाळूनच न्यायची, आणि कार्यक्रमाआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं.

पाण्याच्या बाटलीचं फेल्टचं कव्हर तेवढं राहिलंय, कुणाकडं जाड खाकी फेल्ट असेल तर सांगा.