सोळाव्या गुणसूत्रातला हरवलेला तुकडा

अंगाने स्थूल असलेले मूल दिसले की आपल्याकडे पहिला जाब त्याच्या आईला विचारला जातो. "काय काय खाऊ घालता हो याला?" हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, आणि तो ऐकून जिलेबीकडे गेलेला हात मागे घेणारे मूलही पाहिले आहे. सोळाव्या गुणसूत्राविषयी वाचताना मला ते मूल हटकून आठवते.

या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर डीएनएच्या सुमारे सहा लाख अक्षरांचा एक पट्टा आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच मजकूर आहे. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, तेव्हा एका टोकाची गाठ चुकून दुसऱ्या टोकाशी पडते. मग एका पेशीतून मधला पट्टा गळून जातो, तर दुसरीत तो दोनदा येतो. पट्टा गळालेल्या व्यक्तींमध्ये लठ्ठपणाचे प्रमाण फार मोठे असते, हे २०१० साली दिसून आले, आणि तोच पट्टा जास्तीचा असलेली माणसे कमालीची कृश असू शकतात, हे २०११ साली. जनुकांच्या प्रती कमीजास्त झाल्या की वजन उलटसुलट दिशांना जावे, याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. अर्थात हा दोष दुर्मीळ आहे. अतिलठ्ठ माणसांतही तो शंभरात एकापेक्षा कमी जणांत सापडतो.

त्याच भुजेवर, जवळच, एसएच२बी१ हे जनुक आहे. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन शरीरातला साठा पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देते, आणि हा निरोप पेशीच्या आत पुढे पोहोचवण्यास या जनुकाचे प्रथिन मदत करते. त्याची एक प्रत नसली की निरोप क्षीण होतो, आणि नुकतेच जेवलेले मूल पुन्हा भुकेले होते. ती भूक खरी असते, तिला हावरटपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी लहानपणीच अतिलठ्ठ झालेल्या ३०० रुग्णांची तपासणी केली, तेव्हा काहींमध्ये एसएच२बी१ ज्यात असते तो तुकडा नसल्याचे आढळले. त्यांतल्या काही मुलांची नावे, आईवडील मुद्दाम जास्त खाऊ घालतात असे गृहीत धरून, समाजसेवा विभागाच्या 'धोक्यातील मुलां'च्या नोंदवहीत चढवण्यात आली होती. निदान झाल्यावर ती काढून टाकण्यात आली.