तुम्ही विचारलंत म्हणून: दातांच्या जाहिराती का जपते?

फोंड्याच्या आमच्या घरी कुणी आलं आणि कपाटातली ती फाईल हाती लागली, की प्रश्न ठरलेला: "मासिकांतल्या कथा-कविता सोडून टूथपेस्टच्या जाहिरातीच कशाला कापून ठेवल्यात?"

आईमुळे. १९६१ला गोवा मुक्त झाला, आणि पुढे मुंबईची मराठी मासिकं आमच्याकडे येऊ लागली. आई ती जाहिरातींसकट वाचायची. तोवर दात घासायचे म्हणजे भाताच्या तुसाचा कुटलेला कोळसा नाहीतर आंब्याचं पान. पान दुमडून दातांवर फिरवायचं, मग त्याची शीर काढून तिनेच जीभ खरवडायची. सगळं सकाळी, परसात. रात्रीही दात घासायचे असतात, हे आमच्या घराला पहिल्यांदा सांगितलं ते एका जाहिरातीने. आईने ते लगेच लागू केलं. कंदील घेऊन आम्ही भावंडं ओळीने विहिरीपाशी उभी राहायचो.

म्हणून मला या जाहिरातींबद्दल माया आहे. राग येतो तो त्यांतल्या भीतीचा. फोरहॅन्स म्हणायची, ही दंतवैद्याने तयार केलेली टूथपेस्ट, आर. जे. फोरहॅन हे खरोखरच अमेरिकेतले दंतवैद्य होते. पण तिकडच्या मासिकांत हीच कंपनी पाचांतल्या चौघांना पायोरियाची, म्हणजे हिरड्यांच्या रोगाची, धास्ती घालत होती. चूळ भरायची लिस्टरिन तर मुळात जंतुनाशक. १९२०च्या दशकात तिने 'हॅलिटोसिस' हा डॉक्टरी शब्द घराघरांत नेला आणि तोंडाच्या वासापायी लग्न न जमणारी मुलगी रंगवली. ती मुलगी मला आजही सहन होत नाही. आपल्याकडच्या कितीतरी जाहिराती तिच्याच बहिणी.

पेप्सोडेंटसाठी क्लॉड हॉपकिन्सने लिहिलेली जाहिरात मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. दातांवरून जीभ फिरवून पाहा, एक पातळ थर लागेल, एवढंच तो सांगतो. थर खराच असतो. तो निघतो मुख्यतः ब्रशच्या घासण्याने, पेस्टच्या जादूने नव्हे. पण निदान वाचणाऱ्याला स्वतः तपासून बघता येतं.

बिनाका टूथपेस्टच्या डब्यातले प्लॅस्टिकचे छोटे प्राणी आठवणारे अजून भेटतात, आणि त्यांना लगेच रेडिओ सिलोनवरची गीतमालाही आठवते. मी शोधते आहे ती पोर्तुगालमधल्या पोर्तूची, १९३२ची कोउतो पेस्ट. तिची एखादी जाहिरात गोव्यातल्या कुणाच्या पेटाऱ्यात असेल तर मला नुसती बघू द्या.

इथला पावसाळा कागदाला सोडत नाही. बुरशी नाहीतर कसर. कडुलिंबाचा पाला घालून, सुती कापडात गुंडाळून ठेवते. आणि हल्ली कापत नाही. एका जाहिरातीच्या पाठीमागे आईने पेन्सिलीने खूण केलेली कथा होती, ती मी अर्धी कापून टाकली. तिचा शेवट मला अजून मिळालेला नाही.