फुलबॅक कडेला का उभा असतो?

माझ्या शेजारी बसून कुणी नवखा माणूस फुटबॉल बघायला लागला की पहिल्या हाफमध्येच हा प्रश्न येतो. समालोचक ‘फुलबॅक’ म्हणतो आणि पडद्यावर दिसणारा खेळाडू टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेला धरून, कित्येकदा मध्यरेषा ओलांडून पळत असतो. खरोखर मागे, गोलरक्षकाच्या पुढ्यात, दुसरेच दोघे उभे असतात आणि त्यांचं नाव सेंटर बॅक. मग ‘फुल’ कोण? तुम्हीही तेच विचारलंत. मी बरीच वर्षं उजव्या बाजूचा फुलबॅक म्हणून खेळलोय, या शब्दावर माझा जीव आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

‘फुल’ म्हणजे इथे पूर्ण मागे. हाफबॅक अर्ध्या अंतरावर मागे, फुलबॅक पार शेवटी. रग्बी आणि फुटबॉल अजून पुरते वेगळे झाले नव्हते त्या काळातले हे शब्द. रग्बीतला फुलबॅक आजही सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो, तिथे कुणाला हा प्रश्न पडत नाही.

फुटबॉलमध्येही सुरुवातीला नाव आणि जागा जुळलेलीच होती. १८८०च्या दशकात रुळलेली रचना होती २-३-५ : दोन फुलबॅक, तीन हाफबॅक, पाच आघाडीवीर. दोघे फुलबॅक गोलसमोरच असत, प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या आघाडीवीराला अडवायला साधारणपणे कडेचे हाफबॅक जात. आणि तिघांमधला मधला, म्हणजे सेंटर हाफ, हा संघाचा कणा. बचावात मदत करायची आणि चेंडू पुढे न्यायचा, दोन्ही कामं त्याचीच. १९५० साली विश्वचषक जिंकणाऱ्या उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला हा त्याच जुन्या अर्थाचा सेंटर हाफ होता.

मग ही घडी मोडली कशाने? ऑफसाइडच्या नियमाने. १९२५पर्यंत चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर तो ऑफसाइड ठरून चढाई तिथेच थांबे. याचा फायदा फुलबॅकनी पुरेपूर उचलला. जोडीतला एक जण दोन पावलं पुढे सरकला की त्याच्या मागे उभा असलेला आघाडीवीर ऑफसाइड, कारण उरतात फक्त दुसरा फुलबॅक आणि गोलरक्षक. अंदाज चुकला तरी तो दुसरा मागे होताच. न्यूकॅसल या इंग्लिश क्लबचा फुलबॅक बिल मॅक्रॅकन या सापळ्यात इतका तरबेज होता की नियमबदलाची गोष्ट निघाली की त्याचं नाव निघतंच. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटतो. केवळ कुठे उभं राहायचं एवढं जाणून खेळाचा नियम बदलायला लावणं ही बचावपटूची केवढी मोठी कमाई!

१९२५मध्ये तिनाचे दोन झाले. आता सापळा फसला तर आघाडीवीर थेट गोलरक्षकासमोर. इंग्लिश लीगच्या चारही विभागांत मिळून आदल्या मोसमात ४,७०० गोल झाले होते, ते एका वर्षात ६,३७३ झाले. सामने दोन्ही वर्षी सारखेच, १,८४८.

त्याच वर्षी हर्बर्ट चॅपमन लंडनच्या आर्सेनल क्लबचे व्यवस्थापक झाले. ऑक्टोबरात न्यूकॅसलने आर्सेनलला ७-० असं धुतलं. संघातला अनुभवी आघाडीवीर चार्ली बुकन याचं म्हणणं होतं की सेंटर हाफला मागे खेचून दोन फुलबॅकच्या मध्ये उभं करा. चॅपमननी ते मानलं. पुढे हर्बी रॉबर्ट्सने ही जागा अशी सांभाळली की तिला ‘स्टॉपर’ हे नाव मिळालं. दुसऱ्या संघांनीही असाच तिसरा बॅक उभा केला होता, पण गाजला तो आर्सेनलचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका हालचालीत आहे. मधली जागा तिसऱ्याने घेतल्यावर दोन्ही फुलबॅक बाहेर सरकले आणि विंगरला अडवायचं काम त्यांच्याकडे आलं. कडेचे हाफबॅक आत आले. माणसं हलली, नावं मात्र कुणी बदलली नाहीत. म्हणून पूर्ण मागचा म्हणवणारा कडेला गेला आणि अर्ध्यावरचा म्हणवणारा सेंटर हाफ सगळ्यांत मागे आला. इंग्लंडमध्ये आजही जुने जाणकार सेंटर बॅकला ‘सेंटर हाफ’ म्हणतात. ती चूक नाही, फक्त शब्दाचं वय दिसतं.

जर्सीच्या नंबरांतही हे मुरलेलं आहे. इंग्लिश लीगने १९३९मध्ये नंबर सक्तीचे केले. फुलबॅकना २ आणि ३, आणि सेंटर हाफला ५. म्हणून तिथे ५ म्हटलं की सेंटर बॅक. अर्जेंटिनात मात्र ५ नंबरवाला मधल्या फळीतच राहिला, आजही ‘सिंको’, म्हणजे पाच, म्हटलं की बचावफळीच्या पुढे उभा असणारा मध्यरक्षकच डोळ्यांसमोर येतो. तिथे उजवा फुलबॅक ४, डावा ३. अर्जेंटिनाचा उजवा फुलबॅक हावियेर झानेट्टी याच्या पाठीवरचा ४ तिथलाच. नावावर आणि नंबरवर विसंबलं की काय होतं ते लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर १९५३मध्ये दिसलं. हंगेरीचा ९ नंबरचा हिदेगकुटी पुढे थांबेचना, आणि त्याला अडवायचं म्हणजे आपली जागा सोडायची का, हा पेच इंग्लंडच्या ५ नंबरच्या हॅरी जॉन्स्टनला शेवटपर्यंत सुटला नाही. हंगेरी ६, इंग्लंड ३. हिदेगकुटीचे तीन.

पुढे चार जणांची बचावफळी आली, सेंटर बॅक दोन झाले आणि फुलबॅकला पुढे जायला मोकळी वाट मिळाली. १९७०च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध ब्राझीलचा चौथा गोल उजवा फुलबॅक कार्लोस अल्बेर्टोने मारला. पेलेने चेंडू उजवीकडे मोकळ्या जागेत सोडला, तिथे तोपर्यंत कुणीच नव्हतं, आणि मागून हा धावत आला. ‘पूर्ण मागचा’ हे त्याचं पद! उजव्या फुलबॅकला याहून सुंदर काही करता येईल असं मला वाटत नाही. पुढे प्रशिक्षक गार्दिओलांनी जर्मनीच्या बायर्न म्युनिकमध्ये फिलिप लाम या फुलबॅकला आत मधल्या फळीत आणलं, म्हणजे फुलबॅक पुन्हा हाफबॅकच्या जुन्या जागी. आणि मागे तीन सेंटर बॅक असले की अख्खी कड एकटा सांभाळणाऱ्याला विंगबॅक म्हणायचं. फुलबॅक म्हणून चालत नाही, कारण त्याच्या आत एक जण जास्त असतो आणि त्याचं कामच बदलतं.

तरी ‘फुल’ हा शब्द अगदी पोकळ झालाय असं मी म्हणणार नाही. पुढच्या सामन्यात एक करा. डाव्या कडेवरून क्रॉस, म्हणजे गोलसमोर टाकलेला चेंडू, येत असेल तेव्हा चेंडूकडे बघू नका, बचाव करणाऱ्या संघाचा पलीकडचा फुलबॅक शोधा. तो कड सोडून आत धावलेला असेल, सेंटर बॅकच्याही मागे, गोलच्या लांबच्या खांबाजवळ. त्याच्या पाठीशी फक्त जाळी असते. मी तिथे उभा राहिलोय. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून येतो आणि मागे दुसरं कुणी नाही हे मान न वळवताही कळतं.