लॉज चालवून वाघ कसा वाचतो?

ठाण्याच्या नौपाड्यात कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की हा प्रश्न येतोच. "ताडोब्याला लॉज आहे ना तुमचं? मग वाघ वाचवता म्हणजे नेमकं काय करता?" पाच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. जिवंत वाघामुळे गावात पैसा येतो, म्हणून गाव वाघ राखतं. आता ते तसंच्या तसं तोंडातून निघत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या बारा खोल्यांवर गावातली चौदा माणसं कामाला आहेत. दूध, भाजी, तांदूळ बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांतूनच येतात. जिप्सी चालवणारी आणि गाईड म्हणून बसणारी पोरं तिथलीच. लॉज नसतं तर त्यांतल्या निम्म्यांनी पुणं गाठलं असतं. रिसॉर्टवाले जंगल खातात असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. कामावरच्या प्रत्येक घरी गॅस आहे की नाही, हे आम्ही स्वतः पाहिलं. बाया सरपणाला गेल्या नाहीत तर झाडही वाचेल आणि बाईही, असं मी पाहुण्यांना सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईंची जाऊ मोह वेचायला गेली. मोहाची फुलं रात्री गळतात, हरणांच्या आधी वेचायची तर उजाडायच्या आत निघावं लागतं. वाकून वेचणारं माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटतं, असं गार्ड सांगतात. सातच्या सुमारास टोपली सापडली. थोड्या अंतरावर ती.

मी तेव्हा लॉजवरच होते. दुपारची सफारी सुटायची होती आणि पाहुण्यांपर्यंत बातमी पोचली होती. एकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तोच वाघ आज दिसेल का?" मी रागावले नाही. "सांगता येत नाही," म्हणाले. आमचे चालक मयताला गेले होते, म्हणून मी दुसऱ्या गावातून चालक बोलावले आणि गाड्या सोडल्या. बुकिंगचे पैसे आगाऊ घेतलेले, पाहुणे लांबून आलेले. ही कारणं मला तेव्हा पुरेशी वाटली, आणि आजही मी ती खोटी ठरवू शकत नाही. पण गाड्या गावातून गेल्या तेव्हा ओट्यावर बसलेल्या बाया उठून आत गेल्या. ते मी पाहिलंय.

तेराव्यानंतर बाई कामावर आल्या. मी विचारू नये ते विचारलं. "घरी गॅस आहे ना, मग जंगलात कशाला जायचं?"

पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "मोह जाळाले नाही नेत ताई, मोह इकला तं पैसा येते. पावसाळ्यात तुमचा लॉज बंद राहते, मंग आमी काय खाऊ जी?"

जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं जंगल, सफारीला बंद असतो. तेव्हा आम्हीही बंद ठेवायचो आणि पगारही. हंगामी धंदा असाच असतो, असं मी ठाण्यात बसून म्हणायचे.

त्या वर्षापासून बारा महिने पगार देतो. झाडाखालचा पाचोळा जाळून मोह वेचतात आणि त्यातून वणवे लागतात, म्हणून झाडाखाली अंथरायला जाळ्याही दिल्या. जाळीमुळे आग टळते, पण फुलं गोळा करायला जाणं टळत नाही. आणि चौदा घरं म्हणजे गाव नव्हे.

हे सांगितलं की कुणीतरी म्हणतं, "पण वाघाने माणूस मारलं तर सरकार 25 लाख देतं ना?" देतं. त्यातला मोठा भाग ठेवीत जातो. पण भीती पैशाने जात नाही. 20 फेब्रुवारी 2019 ला ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, आठवतं? शेवटी जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात सापडला. त्या दिवशी मी मुलीला शाळेत पाठवलं नव्हतं. त्या गावात मोहाच्या हंगामापासून तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत तशी सकाळ रोज असते, आणि त्यांनी घरी बसावं असं मी म्हणत होते.

मग लॉज बंद करू? केलं तर त्या बाईंना काय मिळेल? वाघाला तरी काय? मला उत्तर येत नाही.

यंदा एप्रिलमध्ये बाईंनी पंधरा दिवस सकाळची सुटी मागितली. कशासाठी ते मी विचारलं नाही. दिली, आणि नाश्त्याच्या पोळ्या मी लाटल्या.