दोन कमी

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली वीसेक कॅशच्या खिडकीत. नोटा मोजायचं यंत्र नंतर आलं. त्याआधी शंभर नोटांचं बंडल अंगठ्यानेच सरसर उलटायचो आणि संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाव नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे झालेल्या फजितीची नीट मजा येईल.

निवृत्त झाल्यावर दर शनिवारी घोडबंदर रोडवरच्या एका विशेष शाळेत जायला लागलो. नौपाड्यातून टीएमटी पकडायची. माजिवड्यापर्यंत बरं जातं, पुढे मेट्रोच्या खांबांशेजारी बस जी रुतते ती रुतते. शाळेला जोडून अठरा वर्षांवरच्यांची कार्यशाळा आहे, मी तिथे मदतीला. पहिल्या दिवशी "या मुलीला काय काय येतं?" असं विचारलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "मुलगी नाही काका, बाई आहे. बावीस पूर्ण. मतदान केलंय तिने." 'मतिमंद' हा शब्दही चपलांबरोबर बाहेरच ठेवायचा. १९९५च्या कायद्यात तो होता. २०१६च्या कायद्यात त्याच्या जागी 'बौद्धिक अक्षमता' आली आणि अपंगत्वाचे प्रकार ७ होते ते २१ झाले. कायदा बदलला तसा माझ्या तोंडातला शब्द काही लगेच बदलला नाही, दोनदा जीभ चावली.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने बारा पणत्यांचं एक अशी २०० खोकी मागवली होती आणि चार वाजता टेम्पो येणार होता. पणत्यांचं काम महिनाभर चालतं. आणलेल्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या, नाहीतर कोरडी माती सगळा रंग पिऊन टाकते. मग एकाने पुसायच्या, दुसऱ्याने पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. एक उंच मुलगा (पुन्हा मुलगा म्हणालो!) कान कोरायच्या काडीने कडेला टिपके देतो. तो दुसरं काहीच करत नाही, पण त्याचा एक टिपका वाकडा गेलेला मी अजून पाहिलेला नाही.

खोकी भरायला खिडकीजवळ ती बावीस वर्षांची बसते. डाउन सिंड्रोम आहे. केसांना चापून तेल, गळ्यात ओळखपत्र, आणि कुणी टेबलाला धक्का लावला की "ए!" असा दम. मी मनातल्या मनात तिला हेडकॅशियर म्हणायचो. तिच्यापुढे एक जाड पुठ्ठा असतो, त्यावर पणतीच्या बुडाएवढे बारा गोल काढलेले. त्याला साचा म्हणतात. एका गोलावर एक पणती ठेवायची, सगळे गोल झाकले गेले की पणत्या खोक्यात. बारा हा आकडा यायची गरजच नाही. रिकामा गोल दिसतोय तोवर खोकं भरायचं नाही, संपलं.

दोन वाजले तरी साठ-सत्तर खोकी बाकी होती. माझा हात शिवशिवायला लागला. म्हटलं, हिला बारापर्यंत मोजता आलं तर हा पुठ्ठा हवाच कशाला? मी साचा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणालो, "माझ्यामागे म्हण. एक, दोन, तीन..." ती म्हणाली, "एक, दोन, तीन, पाच." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि खिडकीबाहेर बघत बसून राहिली. वीस मिनिटं. शेवटी ताई आल्या, एक शब्द न बोलता साचा तिच्यापुढे ठेवला आणि निघून गेल्या. मला काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने एक हात बाहेर आला, मग दुसरा.

मी शेजारच्या टेबलावर माझ्या पद्धतीने सुरू झालो. चार, चार, चार, खोकं बंद. तासाभरात चाळीस. साडेतीनला ताईंनी तपासायला दोघांचीही दहा-दहा खोकी उघडली. तिची दहाही बरोबर. माझ्या दोन खोक्यांत अकरा आणि एकात तेरा! मग माझी चाळीसच्या चाळीस खोकी रिकामी करून साच्यावर लावावी लागली. लावली तिने. मी पणत्या हातात देत होतो आणि घाई केली की "ए!" खात होतो. टेम्पोवाला पाऊण तास खाली हॉर्न वाजवत होता.

टेम्पो गेल्यावर दिवाळीचे पैसे वाटायचे होते. एकेका पाकिटात पन्नासच्या दहा नोटा. पाकिटं मी भरली होती आणि दुपारचा धडा घेऊन तीन-तीनदा मोजली होती. रजिस्टर घेऊन सह्यांसाठीही मलाच बसवलं.

सही म्हटलं की मला एक बाई आठवतात. मी काउंटरवर असताना विशीच्या मुलाला घेऊन यायच्या. खातं मुलाच्या नावावर, सही दर वेळी निराळी. मी दोनदा सांगितलं, "सही जुळत नाही, जरा बाजूला व्हा." अठरा पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, त्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, हे मला बँकेच्या खुर्चीत ठाऊक नव्हतं. इथे शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आयांकडून कळलं. तिसऱ्यांदा त्या बाई आल्याच नाहीत.

हेडकॅशियर आली. पाकीट फोडलं आणि तशीच आपल्या टेबलाकडे वळली. एकेक नोट घडी घालून एकेका गोलात ठेवली. मग साचा दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर आणला. दोन गोल रिकामे.

"काका, दोन कमी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. टिपकेवाला तर कपाळाला हात लावून. मी "अगं, दहाच असतात" म्हणत होतो, पण साच्यापुढे माझं कोण ऐकतंय? ताई तोंडावर ओढणी धरून कपाटाकडे गेल्या आणि मेणबत्त्यांचा, दहा गोलांचा साचा घेऊन आल्या. पुन्हा एकेक नोट. दहावा गोल भरल्यावर तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बरोबर."

मग रजिस्टर ओढून सही करायला बसली. एक अक्षर काढायचं, पेन खाली ठेवायचं, बोटं मोडायची, पुन्हा पेन. मागे आठजण रांगेत होते. झालेली सही वरच्या, गेल्या महिन्यातल्या सहीशी कुठूनही जुळत नव्हती. मी शिक्का मारला.