चार फुटांवरची खुर्ची

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार-अपघातानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. मणक्याला मार लागून पाय निकामी झालेल्या पेशंटला कायमचं घरी सोडण्याआधी एक दिवस त्याच्यासोबत त्याच्या घरी जाऊन यायचं, हा आमच्या कामाचाच भाग. वॉर्डात जमीन सपाट, दारं रुंद, हाक मारली की कुणीतरी हजर. तिथे जमलं ते घरी जमेलच असं नाही.

त्या दिवशीची पेशंट शाळेत गणित शिकवायची, म्हणून वॉर्डात सगळे तिला बाई म्हणत. मीही. अपघाताला अडीच महिने झाले होते. डी-१२ची, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्यापाशी झालेली इजा; पायांत ना हालचाल ना संवेदना, हात मात्र पूर्ण ताकदीचे. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर सरकणं, दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढणं, रात्री आरसा धरून कुल्ल्यांवर कुठे लाली तर नाही ना ते बघणं, सगळं शिकून झालं होतं. बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकायची आणि दोनेक मिनिटं तसंच राहायचं. त्याने बुडाच्या हाडांखालचा दाब सुटतो, कातडीला रक्त मिळतं. दुखत नाही, त्यामुळे लोक हे हमखास विसरतात आणि मग जखमा होतात. बाईंनी मोबाइलवर शाळेच्या घंटेचा आवाज लावून ठेवला होता. घंटा झाली की समोर कुणीही असो, त्या वाकत. राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा तसंच थांबवून ठेवलं होतं.

घरापाशी पोचलो तर धाकटा भाऊ वाटच बघत होता. दाराच्या तीन पायऱ्यांशेजारी सिमेंटचा नवाकोरा उतार. ताई येणार म्हणून स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. मी टेप काढली. उंची ४५ सेंटिमीटर, लांबी २ मीटर.

"मॅडम, तुम्ही एकास बारा म्हणाला होतात ना?" बाई टेपकडे न बघताच म्हणाल्या. "म्हणजे लांबी ५४० सेंटिमीटर पाहिजे. हा एकास साडेचारसुद्धा नाही."

भावाचा चेहरा उतरला. "मी आहे ना ढकलायला," म्हणत त्याने मागच्या मुठी धरल्या आणि जोर लावला. बाईंचे हात अजून चाकांवर होते. खुर्ची उतारावर चढली आणि पुढची छोटी चाकं हवेत. चढावर वजन मागे सरकतं, खुर्ची सरळ पाठीवर उलटते. मी पुढून फ्रेम पकडली म्हणून वाचलो. बाईंचा अंगठा चाक आणि ब्रेकच्या दांड्यामध्ये सापडून सोलवटला होता.

मग मी भावाला चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही. आधी "ढकलू का?" असं विचारायचं, त्यांनी चाकांवरून हात काढले की मगच ढकलायचं. तो मान डोलवत होता. बाई अंगठा चोखत गप्प बसल्या होत्या.

आत न्हाणीघराच्या दाराची रुंदी फोनवर ७५ सेंटिमीटर कळवली होती. ती निघाली चौकटीच्या बाहेरून बाहेरपर्यंतची. चौकटीची आणि उघडलेल्या पल्ल्याची जाडी वजा जाता हाती उरले ६४, आणि खुर्ची ६२. जाताना बोटांची सालटी निघणार. शिवाय पल्ला आत उघडणारा, म्हणजे आत गेल्यावर दार लावता येणार नाही. भाऊ म्हणाला, दार काढून पडदा लावू. "पडदा नको," बाई एवढंच म्हणाल्या. सरकतं दार लावायचं ठरलं. स्वयंपाकघरात विशेष काही नव्हतं; गरम पातेलं मांडीवर ठेवून न्यायचं नाही, भाजलेलं कळणारही नाही, ते ओट्यावरूनच सरकवत न्यायचं, एवढं पुन्हा बजावलं.

शेवटी पलंग. तो खुर्चीपेक्षा ८ सेंटिमीटर उंच. चढत्या बाजूला सरकणं अवघड. खुर्ची आणि पलंगामध्ये सरकण्यासाठी टाकलेली फळी तिरकी होते, सगळा भार खांद्यांवर येतो. दोनदा त्या मागे घसरल्या. तिसऱ्यांदा डोकं एकीकडे झुकवून कंबर दुसरीकडे फेकली आणि पलंगावर पोचल्या. मी टाळ्याच वाजवल्या. पलंगाचे पाय किती कापावे लागतील ते मोजायचं होतं, म्हणून खुर्ची जरा भिंतीकडे सारली. मापं लिहून घेतली. तेवढ्यात भावाने उतार वळवून लांब करता येईल का ते बघायला अंगणात बोलावलं. आम्ही दोघं खडूने जमिनीवर रेघा मारत बसलो.

आतून शाळेची घंटा वाजली. आणि थांबेचना.

मोबाइल खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत होता. खुर्ची भिंतीला. बाई पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसलेल्या. मध्ये जेमतेम चार फूट.

"हाक का नाही मारलीत?"

"मारायचीच नव्हती. तुमच्या लक्षात कधी येतं ते बघत होते." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बारा मिनिटं."

भाऊ माझ्या मागेच उभा होता. काही बोलला नाही, त्याचे उपकार.

मी खुर्ची आणायला गेले. हात लावणार, एवढ्यात थांबले. "आणू का?"

"आणा. तीस अंशांत तिरकी, ब्रेक लावून. तुम्हीच शिकवलंय."

त्या दिवशीच्या अहवालात पलंग, दार, उतार सगळं लिहिलं. गृहभेटीच्या आमच्या छापील यादीत रिकाम्या खुर्चीसाठी रकाना नव्हता, तो मी खाली पेनाने जोडला: पेशंटच्या हाताच्या टप्प्यात आहे का? सहीच्या जागी बाईंनी "पाहिलं" असं लाल पेनाने लिहून दिलं. लाल पेन त्यांच्या पर्समध्ये अजून होतं.

पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला. जुना उतार फोडून नवा बांधायला घेतला होता. वळणापाशी सपाट जागा किती सोडू, असं विचारत होता. दीड मीटर बाय दीड मीटर, मी म्हटलं. तो आकडा लिहून घेत असतानाच मागून खणखणीत आवाज आला, "माझी खुर्ची कुणी हलवली?"

"मॅडम, ठेवतो," असं घाईघाईने म्हणून त्याने फोन ठेवून दिला.