मंग पुढे काय झालं?

माझी वही म्हणजे खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी. तिच्या मागच्या पानांवर मी वर्षभरात वाचलेल्या कादंबऱ्यांची नावं लिहितो आणि डिसेंबर लागला की आवडलेल्यांपुढे फुली मारतो. यंदा तेवीस नावं झाली, फुल्या पाच. पण फुल्यांवरून नजर फिरवली तेव्हा ध्यानात आलं, यातली एकही धड माझी नाही. सगळ्या आईच्या आहेत.

आई चौथीपर्यंत शिकलेली. पंचांग, लग्नपत्रिका आणि विजेचं बिल एवढं वाचते. कादंबरी तिने जन्मात हातात धरलेली नाही. जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसून राहायची आणि शेंगा फोडायची. फोडण्यासारख्या शेंगा घरात संपल्या तेव्हा तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"काय वाचून राह्यला रे भाऊ एवढं? मले बी सांग."

मी सांगितलं. भुसावळहून फैजपूरला एसटीने परत येताना जेवढी पानं व्हायची, तेवढी रात्री जेवणानंतर आपल्या बोलीत सांगायची, असा पायंडा पडला. दुसरा डोळाही पुढे झाला, चष्मा गेला, ती चुलीपाशीही गेली, पण पायंडा राहिला.

गोष्ट सांगायला लागलं की कादंबरीची गंमत होते. एक अलीकडची, पुष्कळ नावाजलेली कादंबरी मला मनापासून आवडली होती. तिच्यात पहिली शंभर पानं नायक फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून विचार करतो. भाषा सुरेख. ती शंभर पानं मी आईला दोन मिनिटांत सांगितली. ती म्हणाली, "मंग त्याले घरात कोनी चहा बी नही देत का?" त्यानंतर ती कादंबरी मला पुढे वाचता आली नाही. पानोपानी चहा आठवायचा. टीकाकारांनी कितीही लिहिलं असतं तरी हे झालं नसतं.

'कोसला'ची गोष्ट वेगळी. १९६३ सालची ही कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली होती आणि त्या वयात सगळे करतात तसं वर्षभर तिच्या नायकासारखं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' बोलत हिंडलो होतो. तिचे लेखक भालचंद्र नेमाडे आमच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांना २०१४चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा इकडे प्रत्येकाला आपलं त्यांच्याशी दूरचं नातं सापडलं होतं. आईला यातलं काही माहीत नव्हतं. मी नायकाचं पांडुरंग सांगवीकर एवढं नाव घेतलं आणि तिने शेंग हातातच धरली.

"सांगवीचा? कोनाचा पोरगा?"

कादंबरीतला आहे, खरा नाही, असं मी तीन वेळा सांगितलं. तिने ते तीनही वेळा मान्य केलं आणि मग विचारलं, "पन घर कोन्या बाजूले?" पुढचे पंधरा दिवस पांडुरंग आमच्याकडे भाड्याने राहिल्यासारखा होता. पुण्याला शिकायला गेला, बापाचे पैसे उडवतो, मेसचा सेक्रेटरी होऊन तोट्यात येतो, हे ऐकून तिचा जीव वरखाली व्हायचा. "बाप इथं उन्हात मरून राह्यला अन् हा तिथं!" मी कॉलेजात असताना याच पांडुरंगावर लट्टू होतो आणि त्याचा बाप मला खलनायक वाटायचा. यंदा आईच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा त्या बापाची दया आली. मनीऑर्डर करणाऱ्या माणसाची बाजू कादंबरीत कोण बघतो? आता माझाच मुलगा पुण्याला आहे, तेही एक कारण असेल.

मग पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते ती पानं आली. मराठी गद्यात याहून कोरडं आणि याहून भिजलेलं मी फारसं वाचलेलं नाही. ते सांगताना मी अडखळलो. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पोलक्याची बाही वर सरकवून दंड दिव्यासमोर धरला. दंडावर रुपयाएवढा सुरकुतलेला गोल, देवीची लस टोचल्याचा. मी तो लहानपणापासून पाहत आलो होतो, पण कधी काही विचारलं नव्हतं. "मी अन् मही धाकली, दोघी. मले टोचलं तव्हा ते आजारी व्हती, म्हनून तिले नही टोचलं." एवढंच म्हणाली. आईला धाकटी बहीण होती हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

त्या रात्री गोष्ट तिथेच थांबली.

'बनगरवाडी' लवकर उरकली, पण गोड उरकली. १९५५चं ते लहानसं पुस्तक आहे, आठ बैठकांत झालं. माणदेशातली धनगरवाडी आणि तिथे नवा गेलेला कोवळा मास्तर हे आईला लगेच दिसलं, कारण धुळे-साक्रीकडचे ठेलारी दरवर्षी मेंढ्या, घोडे, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन आमच्या शिवारात उतरतात. मेंढ्या शेतात बसवायच्या म्हणजे लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात त्यांना धान्य द्यायचं. गावाला हाताशी धरून मास्तर तालीम बांधतो हे तिला फार आवडलं. दुष्काळात वाडी रिकामी होते तेव्हा मात्र तिचा प्रश्न वेगळाच होता. "तालमीचं मंग काय झालं? पडली असंल." व्यंकटेश माडगूळकरांनी ते सांगितलेलं नाही, आणि आता मलाही त्या रिकाम्या तालमीत पाली फिरताना दिसतात.

'श्यामची आई' तिला सांगायला गेलो तर तिने हात वर केला. ती माहीत होती. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, त्यांनी हे पुस्तक १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, असं मी ज्ञान पाजळलं. तिने उलट मला सांगितलं की १९३६ला फैजपूरला काँग्रेस भरली तेव्हा तिचे वडील गुरुजींना बघून आले होते. "मानूस लई चांगला. पन रडवतो लई." या पुस्तकावरची इतकी नेमकी समीक्षा मी तरी वाचलेली नाही. फुली मारली.

'रणांगण'ची मला धास्ती होती. विश्राम बेडेकरांची १९३९ची कादंबरी. युरोपातून मुंबईकडे निघालेलं जहाज, हिटलरच्या तडाख्यातून सुटलेले ज्यू, आपला चक्रधर आणि ती जर्मन ज्यू मुलगी हॅर्टा. आईने तापी सोडून मोठं पाणी पाहिलेलं नाही. ज्यू म्हणजे कोण, इथपासून सुरुवात. मी म्हटलं, ज्यांना घरदार सोडून निघावं लागलं आणि कोणतंच गाव उतरू देईना अशी माणसं. हे तिला कळलं. हतनूर धरणाच्या वेळी उठलेली गावं तिने पाहिली आहेत. मुंबई आली, चक्रधर उतरला, हॅर्टा जहाजावरच राहिली, असं सांगितलं तेव्हा ती भडकली.

"तिले उतरवून घ्याचं ना त्यानं! एवढं गोड बोलला, मंग हात धरून उतरवाले काय झालं व्हतं?"

मी म्हटलं, परवानगी नव्हती, कागद नव्हते. "कागदाचं नको सांगू," म्हणाली. एम.ए.ला असताना मी या कादंबरीवर बारा पानांचं टिपण लिहिलं होतं. त्यात 'मानवी संबंधांची क्षणभंगुरता' असे शब्द होते. हात धरून उतरवायचं हे त्यात नव्हतं.

राहिली 'धग'. खरं तर यंदाची पहिल्या नंबरची फुली तिचीच. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६०ची, वऱ्हाडातली, शिंप्याच्या घरातली. नवरा महादेव कामाला आळशी, आणि संसार एकटीने ओढणारी कौतिक. नाव ऐकूनच आई हसली. आमच्याकडे गावोगावी कौतिक असतो, पण तो बाप्या. "बाई कौतिक?" पहिले दोन दिवस ती त्याच नावाशी थांबली होती. मग ओढली गेली. वऱ्हाडी आणि आमची लेवा बोली सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी, 'मले', 'तुले' दोन्हीकडे तेच. म्हणून हे एकच पुस्तक मी सांगितलं नाही, वाचून दाखवलं. शेजारच्या काकूही येऊन बसायला लागल्या. दिवसा कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीत, निंदणी, रात्री कौतिक.

आणि पुस्तकाची शेवटची पानं नव्हती. वाचनालयाची प्रत, कुणी कधी फाडली देव जाणे. पाठीला लावलेल्या खळीवर धाग्याचे तुकडे तेवढे लोंबत होते. आईला मी म्हटलं, रविवारी जळगावला जाऊन दुसरी प्रत बघतो. रविवारपर्यंत तिला दम कुठला! शनिवारी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा ती आरशात मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या नाम्याले नोकरी लागली असंल. तालुक्याले. अन् कौतिकले घेऊन गेला असंल तो." कौतिकच्या पोराचं आईने परस्पर भलं करून टाकलं होतं.

जळगावहून प्रत आणली. परतीच्या एसटीत शेवट वाचला. शेळक्यांनी कौतिकला असं काही दिलेलं नाही. जे दिलं आहे ते वाचून मी बामणोदचा थांबा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

आईला सांगितलं, प्रत मिळाली नाही.

परवा शेतात भरिताचा बेत होता. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, बायका लसूण-मिरची घेऊन वांगी ठेचायच्या लाकडी बडगीपाशी बसलेल्या. माझी सूरतची आत्या आली होती. तिच्याशी बोलता बोलता कौतिकचा विषय निघाला आणि आई सांगायला बसली. पहिल्यापासून, महादेवाच्या आळसापासून. माझ्या तोंडून ऐकलेली वाक्यंच्या वाक्यं तिला पाठ होती. आत्याने कांद्याची पात चिरायची थांबवली.

"मंग पुढे काय झालं?"

"मंग पोराले तालुक्याले नोकरी लागली," आई म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी जाळातलं वांगं उलटवलं.

"अन् तो मायले घेऊन गेला."